शून्यताईंचा आवाज आणि न काढलेला केसपेपर

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले अधीक्षकसाहेब. माझ्या उजव्या हाताला बसलेल्या मेट्रनबाई. डाव्या हाताला बसलेले आणि माझ्याआधी तब्बल चाळीस मिनिटं बोललेले आपले शस्त्रक्रिया विभागप्रमुख. समोर बसलेले माझे डॉक्टर मित्र, सिस्टर मंडळी, कचेरीतले, वॉर्डातले, प्रयोगशाळेतले सगळे सहकारी. पहिल्या रांगेत बसलेली ताईंची लेक आणि जावई. आणि आज बत्तीस वेळा सांगूनही मधल्या खुर्चीत नीट टेकून न बसलेल्या आमच्या उत्सवमूर्ती शून्यताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? ज्यांना हा प्रश्नसुद्धा ऐकू आला नाही त्यांनी सोमवारी माझ्या ओपीडीत यावं. केसपेपर काढून यावं.

हसा, हसा. हसणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी त्या केसपेपरपायी माझ्या नावानं बोटं मोडलेली आहेत, हे काय मला माहीत नाही? 'आपल्याच दवाखान्यात आपल्यालाच रांग! या नाक-कान-घसावाल्या बाई स्वतःला समजतात तरी कोण?' हे वाक्य माझ्या कानावर आलेलं आहे, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. त्या नियमाबद्दल मी आज बोलणारच आहे. जरा दम धरा.

त्याआधी एक दुरुस्ती करायची आहे. आपले शस्त्रक्रियाप्रमुख, माझे जुने मित्र, आत्ता बोलता बोलता म्हणाले, की शून्यताईंचा आवाज गेला होता आणि तो 'आमच्या या डॉक्टरबाईंनी वाचवला'. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. चांगल्या भरघोस वाजवल्यात. मला त्या टाळ्या परत करायच्या आहेत. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं तरी मी बघणार नाही.

नव्या मंडळींसाठी आधी नावाचा उलगडा करते. आमच्या काळी खिशात फोन नव्हते. वॉर्डातला काळा फोन उचलायचा, शून्य फिरवायचं, की ताई. रक्तपेढी हवी, शून्य. क्ष-किरण विभागात कोणी उचलत नाही, शून्य. कुठले डॉक्टर कुठे कडमडले आहेत हे हवं, शून्य. त्यामुळे त्या शून्यताई झाल्या. एका वर्षी नव्यानं आलेल्या एका निवासी डॉक्टरानं आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर चक्क 'श्रीमती शून्य' असं लिहून ती एक्स्चेंजच्या खिडकीत ठेवली होती. ताईंनी ती पत्रिका कितीतरी वर्षं भिंतीला चिकटवून ठेवली होती.

ती एक्स्चेंजची खोली कितीजणांना आठवते? मोठ्या जिन्याखाली होती. तिरकं छत, वाकून आत जायचं. समोर दोऱ्या खोचून फोन जोडायचा बोर्ड, उंच स्टूल, स्टुलाच्या पाठीवर करडा स्वेटर, आणि भिंतीवर ताईंच्या गोल अक्षरातली विस्तार क्रमांकांची यादी. एक खिडकी व्हरांड्यात उघडायची. तिथे कोपर टेकून उभं राहिलं नाही असा एकही माणूस या रुग्णालयात नव्हता. मी नवी होते, तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगात भारी रग. घरचे लांब, ओळखीचं कोणी नाही. दुपारी ओपीडी संपली की मी त्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे. ताई एका कानानं दुनियेचं ऐकायच्या आणि दुसऱ्या कानानं माझं.

जिना त्यांच्या डोक्यावर होता. त्यामुळे कोण चढलं, कोण उतरलं, हे त्यांना पावलांवरून कळायचं. मी फोन उचलला की म्हणायच्या, "डॉक्टर, आत्ताच तर वर गेलात धापा टाकत. दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मग जोडते." अशी माणसं होती, असे दिवस होते. आता भिंतीवर पडदा आहे, त्यावर दिवे लागतात, सगळं अचूक आहे. मला त्या दोऱ्यांची आठवण येते. येऊ दे, वयच झालंय.

आणि तो आवाज. आज तुम्ही जो आवाज ओळखता तो नव्हे. त्याच्या आधीचा. तुमच्यातल्या चाळिशीच्या आतल्या कोणीही तो ऐकलेला नाही. बारीक, चढा, स्वच्छ आवाज होता तो. बत्तीस वर्षांची, चार वर्षांच्या मुलीची आई असलेली ही बाई फोनवर बोलली की पलीकडचा म्हणायचा, "बाळ, जरा मोठ्या माणसाकडे दे बरं फोन." ताई म्हणायच्या, "मोठं माणूसच बोलतंय काका, सांगा." आम्ही खिडकीत हसून हसून बेजार व्हायचो.

तर सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हा आपल्याकडे एक पद्धत होती. कर्मचारी आजारी पडला की तो रांगेत उभा राहत नसे. मागच्या दारानं आत यायचा, डॉक्टरच्या टेबलाशी उभा राहायचा, डॉक्टर हातातलं काम थांबवून त्याला बघायचा, ड्रॉवरमधून गोळ्या काढून द्यायचा. घरच्या माणसाला कसला केसपेपर? केसपेपर मागणं म्हणजे अपमान होता. आम्हालाही त्यात भूषण वाटायचं. आपलेपणा होता, खोटं कशाला बोलू. पण त्या आपलेपणात कुठेही काहीही लिहिलं जात नव्हतं.

एका मंगळवारी ताई अशाच मागच्या दारानं आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आवाज मधेच फाटतोय. वर जातच नाही." माझ्याभोवती त्या वेळी आठ विद्यार्थी होते. सगळे मुलगे. मला नवीनच शिकवायला मिळालं होतं, त्यामुळे कोणाचाही घसा दिसला की मला उकळ्या फुटायच्या. ताईंना खुर्चीत बसवलं, जीभ धरली, आरसा घातला, आणि आठही जणांना एकेक करून दाखवलं. बघा, स्वरतंतू पांढरे आहेत, नीट हलतायत, गाठ नाही, किंचित सुजल्यासारखे वाटतात. मग मी पुस्तकातले प्रश्न पुस्तकातल्या क्रमानं विचारले. ओरडता का? खोकला आहे का? कुठली औषधं चालू आहेत का?

ताईंनी त्या आठ पोरांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "नाही."

आता मला सांगा, कुठली बाई आठ परक्या मुलांसमोर सांगेल, की मला पाळीचा त्रास आहे, अंगावरून फार जातं, पोटात कळा येतात, आणि त्यासाठी मी गोळ्या घेते? मी स्वतः बाई. मला हे कळायला नको? एक दार लोटायचं होतं. तेवढं झालं नाही. मी निदान केलं, दिवसभर बोलून घसा सुजलाय. स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, पाच दिवस, सकाळी खाल्ल्यानंतर. ड्रॉवरमधल्याच.

थोडं शास्त्र सांगते. माझा धंदाच तो, आणि त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आपल्या गळ्यात जे दोन स्वरतंतू असतात ते बोटाच्या पेराएवढेही लांब नसतात. बाईच्या बोलण्यात ते सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. आपल्याला वाटतं, घसा म्हणजे नुसता घसा, त्याला बाकीच्या शरीराशी काय देणंघेणं? पण शरीरातल्या सगळ्या ग्रंथींच्या बातम्या या एवढ्याशा जागेला कळतात. मुलगा वयात आला की आवाज फुटतो. थायरॉइड मंदावलं की स्वरतंतू पाणी धरतात, आवाज जड होतो. पाळी जायच्या वयात बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. माझाही उतरला आहे, ओरडायला सोयीचा पडतो. आणि दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा मारून जे चूळ भरत नाहीत त्यांचे घसे बसतात. असे तिघेजण आत्ता समोर बसले आहेत. मी नावं घेत नाही. चूळ भरा.

लोकांना वाटतं, स्टिरॉइड म्हणजे एक औषध. तसं नाही. ते मोठं कुटुंब आहे आणि भावाभावांचे स्वभाव वेगळे आहेत. मी ताईंना दिलेलं होतं ते सूज उतरवणारं. ताई मुळात घेत होत्या ते त्याच कुटुंबातलं, पण पुरुषी हार्मोनच्या अंगानं जाणारं. त्या काळी पाळीच्या त्रासावर ते सर्रास देत, आणि पोटाला त्याचा गुणही येई. पण काही बायकांच्या गळ्यात ते वेगळंच काम करतं. स्वरतंतूंचा स्नायू जाड करतं, वरचं अस्तर जाड करतं. जाड तार खालच्या सुरात वाजते, तसंच. सूज उतरते, वाढ उतरत नाही. ते औषध लवकर थांबवलं तर थोडंफार मागे येतं. उशीर झाला, की जे राहिलं ते कायमचं राहतं.

आता माझ्या गोळ्यांनी काय झालं? ताई आवाज वर चढवायला जोर लावत होत्या, त्यानं जी वरवरची सूज आली होती ती उतरली. चार दिवस आवाज थोडा मोकळा झाला. मी खूश! म्हटलं, बघा, निदान बरोबर. तीन आठवड्यांनी आवाज पुन्हा बसला, पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा चार दिवस बरं. तिसऱ्या वेळी तर मी त्यांना समोर बोलावलंही नाही. फोनवरच सांगितलं, "त्याच घ्या हो ताई, पाच दिवस." लक्षात येतंय ना? मी त्या आवाजाशी फोनवर बोलत होते. दिवसातून दहा वेळा बोलत होते. गळ्याची डॉक्टर! आणि रोज ऐकत असल्यामुळे तो रोज किती बदलतोय ते मला ऐकूच आलं नाही. कुठे लिहिलेलं असतं, तारीख घालून, तर मागचं पान उलटून पाहिलं तरी असतं. पानच नव्हतं.

ते कळलं त्यांच्या आईमुळे.

ताईंच्या आई लांब, थोरल्या मुलाकडे असायच्या. त्यांचा दोन-तीन महिन्यांनी एकदा इथल्या नंबरावर फोन यायचा. त्या दिवशी मी खिडकीत उभी होते. लांबून बोलणारी माणसं तेव्हा ओरडून बोलायची, त्यामुळे मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ताई म्हणाल्या, "बोल आई."

पलीकडून आवाज आला, "भाऊ, जरा माझ्या मुलीला देता का? टेलिफोनवर बसते ना, तिला."

"आई, मीच बोलतेय."

"थट्टा करू नका हो भाऊ. मी दोन जिने उतरून आलेय फोनला, गुडघे धरलेत माझे. बोलवा तिला."

"अगं आई, मी आहे! मीच!"

मग ती माउली म्हणाली, "तू असशील तर सांग, तुझ्या डाव्या पोटरीवर खूण कसली आहे?"

ताई म्हणाल्या, "रॉकेलच्या डब्याचा पत्रा लागला होता. दुसरीत होते. तू मला उचलून पळत नेलंस."

आणि मग त्या बाई रडायलाच लागल्या. "काय झालं गं तुला? अगं, काय झालं?"

मित्रहो, त्या क्षणी मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. म्हणजे खरा ऐकला. स्टुलावर माझी मैत्रीण बसली होती आणि तिच्या तोंडून एक पुरुष बोलत होता, आणि मी कोपर टेकून उभी होते.

मी आत शिरले, वाकून. दार लावलं. तेच विचारलं जे त्या मंगळवारी विचारलं होतं. ताईंनी रजिस्टरखालचा ड्रॉवर उघडून गोळ्यांची पट्टी काढून दिली. स्त्रीरोग विभागातल्या आमच्या थोरल्या डॉक्टरांनी दिलेल्या. त्यांनीही ड्रॉवरमधूनच दिल्या होत्या. घरचं माणूस. त्यांचा विभाग आणि माझा विभाग एकाच व्हरांड्यात, मधे सहा दारं. गोळ्या सुरू होऊन कितवा आठवडा? चौदावा. आणि माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा कितवा होता? पाचवा.

नऊ आठवडे. पाचव्या आठवड्यात मी दार लोटून विचारलं असतं तर कदाचित तो बारीक आवाज आज या सभागृहात असता. कदाचित म्हणते, कारण गळ्याच्या बाबतीत छातीठोकपणे कोणी काही सांगू नये. पण नऊ आठवडे माझे आहेत.

मी थोरल्या डॉक्टरांना फोन जोडायला सांगितला. ते फोनवर बोललेच नाहीत, तसेच निघून आले. तुमच्यातल्या जुन्यांना ते आठवतील. देवमाणूस. कधी कोणावर आवाज चढवला नाही. ते खिडकीशी आले, ताईंकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, माझी चूक झाली. माझ्या लक्षात राहायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ही तुझ्याकडे याआधी आली होती का गं?"

आणि मी म्हणाले, "नाही सर. मलाही आजच कळलं."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मी खोटं बोलले. नवी नोकरी, आठ विद्यार्थ्यांपुढची ऐट, सगळं आड आलं. आणि मला खोटं पाडायला एक कागद नव्हता. जो कागद नसल्यामुळे ताईंचा आवाज गेला, तोच नसल्यामुळे मी वाचले. ताई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोर्डावर दिवा लागला होता. त्यांनी दोरी खोचली आणि त्या नव्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, कोण हवंय?"

थोरल्या डॉक्टरांनी ती चूक पुढे सगळीकडे स्वतःची म्हणून सांगितली. सभेत सांगितली, विद्यार्थ्यांना सांगितली. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या शोकसभेत मी भाषण केलं, चांगलं झालं म्हणतात. त्यातही मी हे बोलले नाही.

औषध त्याच दिवशी थांबलं. आवाज थोडा वर आला, पण थोडाच. मग पुढचं तुम्हाला माहीत असलेलं. तेव्हाचे अधीक्षक म्हणाले, फोनवर लोक गोंधळतात, यांना चादरी-कपड्यांच्या कोठीत बदली द्या. फोन करणारे 'अहो भाऊ' म्हणायचे, आणि ताई जुन्या आवाजात बोलायचा आटापिटा करून दुपारपर्यंत पार थकून जायच्या. मी भांडले, हे खरं आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं त्या जिन्याखाली बसून मी त्यांना शिकवलं, की वर ओढू नका, आवाज जिथे बसलाय तिथूनच बोला, श्वास खालून घ्या. सहा महिने शिकवलं. शस्त्रक्रियाप्रमुखांनी ज्याला 'वाचवणं' म्हटलं ते हे. घर जाळून मग पाणी आणून देणाऱ्या माणसाला तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

त्या सहा महिन्यांत ताईंनी तक्रार केली ती एकदाच. एक दिवस म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगी झोपताना गोष्ट ऐकत नाही. म्हणते, आधीच्या आवाजात सांग. मी म्हटलं, हाच आहे बाळा. तर तिनं कानावर हात ठेवले." एवढं सांगून त्या पुन्हा श्वासाच्या व्यायामाला लागल्या. मी नाडी बघायचं निमित्त करून त्यांचा हात धरून बसले.

ती पोरगी आज समोर बसली आहे. अगं, तू हसतेयस, पण तुला हे आठवत नसणार. तुला आईचा हाच आवाज आठवत असेल. या रुग्णालयालाही हाच आठवतो, आणि तो आवडतो, हे मी जाणते. ज्यांच्या घरचं माणूस आत टेबलावर होतं अशा कितीजणांना या जाड, संथ आवाजानं धीर दिला. "काका, मी इथेच आहे. तुम्ही घरी राहा. कळलं की मीच फोन करते." आणि केला. एकदाही विसरल्या नाहीत. परवा बाजारात एक गृहस्थ भेटले, म्हणाले, तुमच्या फोनवरच्या त्या बाई अजून आहेत का? माझा भाऊ आत असताना त्या तीन दिवस माझ्याशी बोलत होत्या, मी त्यांना कधी पाहिलंही नाही.

पण म्हणून कृपा करून कोणी असं म्हणू नका, की झालं ते बरंच झालं. मघाशी एक वक्ते तसं म्हणाले. नाही झालं बरं. त्या बाईनं जे मिळालं त्यात संसार केला, नोकरी केली, माणसं जोडली, हे तिचं कर्तृत्व. त्याचं श्रेय माझ्या चुकीला देऊ नका.

पुढे मला विभाग मिळाला, त्या पहिल्याच दिवशी मी मागचं दार बंद करून त्याला कुलूप घातलं. कर्मचारी असो, डॉक्टर असो, अधीक्षक असोत, केसपेपर काढायचा, आणि औषधांचा प्रश्न दार लावून, एकटीला किंवा एकट्याला विचारायचा. तुम्ही मला गर्विष्ठ म्हणालात, खडूस म्हणालात, अजून काय काय म्हणालात. मी कोणाला कारण सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा शिव्या खाणं सोपं होतं. तर ते हे कारण.

गेल्या शुक्रवारी मी एक्स्चेंजमध्ये गेले. ताई ड्रॉवर आवरत होत्या. मी म्हटलं, "ताई, निरोपाच्या भाषणात मी तो दिवस सांगणार आहे. थोरल्या डॉक्टरांपुढचा. तुमची हरकत नसेल तर." सव्वीस वर्षांत आम्ही दोघींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. रोज बोलत होतो, एकमेकींच्या घरी जात होतो, त्यांच्या लेकीच्या लग्नात मी वाढायला उभी होते. एक अक्षर नाही.

ताईंनी हातातली पेनं एका डब्यात ठेवली. म्हणाल्या, "सांगा. सांगायलाच हवं. ते बिचारे शेवटपर्यंत माझ्या खिडकीवरून मान खाली घालून जात होते." मग म्हणाल्या, "पण डॉक्टर, ताईंनी मला माफ केलं असं तिथे म्हणू नका हं. ते मी अजून ठरवलेलं नाही."

मी म्हटलं, "ताई, सव्वीस वर्षं झाली."

म्हणाल्या, "हो ना. पण वेळ कुठे मिळाला? बसून विचार करायला घ्यावं तर दर मिनिटाला कोणीतरी फोन करत होतं."

आम्ही दोघी हसलो. पण त्यांनी ते गमतीनं म्हटलेलं नव्हतं, हे मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

अध्यक्ष महोदय, मी वेळेची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. मला इथे उभं राहू दिलंत याबद्दल आपले, संयोजकांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला चिमटा जोरात बसला असेल, तर ते सभागृहानं पोटात घालावं. नऊ आठवड्यांची आणि त्या एका वाक्याची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही, कारण ती देणं सभागृहाच्या हातात नाही.

ताई, उद्यापासून तुम्हाला कोणी मधेच उठवणार नाही. सवडीनं बसा, विचार करा, आणि जे ठरेल ते मला येऊन सांगा. नाही ठरलं, तरी या. संध्याकाळी मी घरीच असेन.